सर्व्हरची विचारपूस

"सर, आभाळ कोसळलं तरी आपला सर्व्हर पडणार नाही," असं मी डॉ. बिडव्यांच्या टेबलावर तळहात ठेवून सांगितलं. तळहात उचलायच्या आत तो पडला.

पडलाय हे आम्हाला दोन मिनिटांनी कळलं, कारण भिंतीवरचा पडदा हिरवाच होता. सर्व्हरची तब्येत दाखवणारा प्रोग्राम त्याच सर्व्हरवर चालायचा. सर्व्हरबरोबर तोही गेला आणि जाताना शेवटचं हिरवं चित्र मागे ठेवून गेला. बिडवे सर त्या हिरव्याकडे बोट दाखवून मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना सांगत होते, "बघा, सगळं आलबेल." त्याच वेळी खाली केसपेपरच्या रांगेत उभे असलेले एकवीस हृदयरोगी एकामागून एक मटकन खाली बसत होते.

त्या दिवशी कुणाला काही झालं नाही. सर्व्हर चार मिनिटांत उठला. माझा आवाज मात्र जो खाली आला तो आलाच.

मी महानंदा मिटकरी. नांदखेडच्या हृदय-केंद्रात सर्व्हर सांभाळते. बिडवे सर तिथले प्रमुख. २०४३ सालात हे काम म्हणजे काय, ते थोडं सांगते, कारण आमच्या घरच्यांनाही ते नीट माहीत नाही.

जुना पेसमेकर छातीत बसवला की ठरलेल्या तालावर ठोके द्यायचा, फार तर अंग हललं की थोडे वाढवायचा. आता बसवतात तो एकटा विचार करत नाही. प्रत्येक रोग्याच्या हृदयाची एक गणिती प्रतिकृती आमच्या सर्व्हरवर चालू असते. आम्ही तिला जोडहृदय म्हणतो. खरं हृदय छातीत चालतं, जोडहृदय आकड्यांत. रोग्याचा श्वास, रक्तदाब, पावलं, सगळं दर सेकंदाला जोडहृदयाकडे येतं, आणि ते खऱ्याच्या वीस सेकंद पुढे धावून बघतं. हा माणूस जिना चढायला लागलाय, चौथ्या पायरीवर याला दम लागणार, तर आत्तापासून ठोके वाढवा. तसा निरोप छातीतल्या यंत्राला जातो. यामुळे दमलेली हृदयं चालतात, फिरतात, बाजारहाट करतात. दहा सेकंद निरोप आला नाही तर यंत्र आपलं मिनिटाला साठ ठोक्यांवर येऊन थांबतं. बसलेल्या माणसाला साठ पुरतात. चढावरच्या माणसाला पुरत नाहीत.

अशी सहाशे बारा जोडहृदयं माझ्याकडे होती. त्यातलं एकशे चाळीस नंबरचं माझ्या वडिलांचं.

पाहुणे गेल्यावर बिडवे सरांनी मला आणि भांडार सांभाळणाऱ्या खमितकरांना केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, पडला कशानं?"

"सर, देखरेखीचा प्रोग्रामच जड होता. सर्व्हरची एक तृतीयांश ताकद तोच खात होता."

"म्हणजे नाडी बघायला बसवलेला माणूस रोग्याच्या छातीवर बसला होता."

"तसंच काहीसं."

"मग हलका आणा."

सांगायला सोपं होतं. सर्व्हर कसा आहे हे कळायचं तर त्याला विचारावं लागतं, आणि उत्तर देणं हेसुद्धा त्याला कामच. पातेलंभर पाण्यात थर्मामीटर बुडवला तर थर्मामीटर थोडी उष्णता पितो, पाण्याला पत्ता लागत नाही. तोच थर्मामीटर चमचाभर पाण्यात बुडवला तर मोजेपर्यंत पाणी गार. आमचा सर्व्हर सहाशे बारा हृदयांखाली दबलेला. त्याच्याकडे शिल्लक ताकद चमचाभरच होती. म्हणून मी फोनवर, कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडेल असं काहीतरी हलकं शोधायला लागले, आणि एक सापडलंही.

"एक चालणार नाही," खमितकर म्हणाले. "नियमाप्रमाणे तीन नमुने. तिन्हींची पारख एकाच यंत्रावर, एकाच परिस्थितीत, एकाच वेळी. मग तुलनात्मक तक्ता."

"खमितकर साहेब, हे प्रोग्राम फुकट असतात."

"फुकट असले तरी तीन."

"तिन्ही एकदम बसवले तर ते एकमेकांचंच वजन मोजत बसतील."

"मोजू द्या की. तक्त्यात लिहू."

खमितकरांनी आयुष्यभर चादरी, सलाइनचे स्टँड आणि शववाहिका याच नियमानं निवडल्या होत्या. कुणाची तक्रार आली नव्हती, शववाहिकेबद्दल तर नाहीच.

मग आठ दिवस तीन प्रोग्राम एकदम चालले. एकाचं नाव तराजू, दुसऱ्याचं पारवा, तिसऱ्याचं चाहूल. पहिल्याच दिवशी तराजूनं कळवलं की पारवा सर्व्हर खातोय. पारव्यानं कळवलं की तराजूची वागणूक संशयास्पद आहे. तिसऱ्या दिवशी दोघंही एकमेकांच्या इशाऱ्यांवर इशारे द्यायला लागले आणि बिडवे सरांच्या फोनवर जेवणाच्या सुट्टीत चौदाशे निरोप आले. चाहूल या सगळ्यात गप्प होती. म्हणून तिला निवडलं. आमच्याकडे माणसंही अशीच निवडतात.

चाहूल खरोखर हलकी होती. सर्व्हरनं फक्त आकडे द्यायचे. त्यांची रेघ काढणं, रंग भरणं, कालच्याशी तुलना करणं, ही सगळी मेहनत बघणाऱ्याच्या फोननं करायची. उघडलेलं पान दर सेकंदाला सर्व्हरला एवढंच विचारायचं, कसा आहेस? मी ते माझ्या संगणकावर उघडून ताण मोजला. सर्व्हरच्या ताकदीचा पाच हजारावा भाग. तक्त्यात लिहिलं, 'वजन नगण्य.' खाली सही केली. बघणारी मी एकटीच होते, हे लिहायला तक्त्यात रकाना नव्हता.

चाहुलीच्या पानावर सर्व्हरच्या प्रत्येक कामाची एक रेघ दिसायची. एकेक जोडहृदय म्हणजे एकेक काम, तेव्हा सहाशे बारा रेघा. रोगी चालायला लागला की त्याच्या जोडहृदयाला गणित जास्त, रेघ वर. झोपला की रेघ तळाला, जवळजवळ आडवी. नावं नव्हती, फक्त नंबर.

मी पहिल्याच दिवशी एकशे चाळीस उघडली.

आप्पा बोरवंडीला एकटेच राहतात, नांदखेडपासून तीस किलोमीटरवर. चौतीस वर्षं वीज मंडळात लाइनमन होते. आई गेल्यापासून मी दर रविवारी स्कूटरवर जायचे. "कसे आहात?" विचारायचे. "हाय की," ते म्हणायचे. मग दोन तास बोलणं व्हायचं, बहुतेक गावातल्या कुठल्या खांबावर काय झालं होतं याचं. आता रेघ बघितली की कळायचं. सकाळी साडेसहाला वर यायची, म्हणजे उठले. सातला छोटं टेकाड, म्हणजे देवळापर्यंत जाऊन आले. दुपारी तळाला. रेघ छान होती. एक रविवार चुकला, मग तीन चुकले. खरं सांगायचं तर मला चुकल्यासारखं वाटलं नाही. रोज चाळीस वेळा भेटत होते की.

मग बिडवे सरांना पारदर्शकता सुचली. केंद्राच्या फाटकावर मोठा फलक लागला. फोन समोर धरा, चाहूल उघडेल, आपल्या रुग्णाची सेवा कशी चालू आहे ते स्वतः पाहा.

"सर, लोकांना यातलं काय कळणार?"

"कळायची गरज नाही, दिसायला पाहिजे."

लोकांना सगळं कळलं. नंबर प्रत्येक रोग्याच्या गळ्यातल्या कार्डावर होताच. आठवड्यात नंबर घरच्यांकडे, दोन आठवड्यांत गल्लीत, महिन्यात तालुकाभर.

आमच्या भागात आजारी माणसाला भेटायला न जाणं हा गुन्हा असतो. पोतंभर संत्री जमतात, रोगी सांगून सांगून दमतो, पण प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागतं. आणि जो आला नाही, त्याचं नाव दोन पिढ्या लक्षात ठेवतात. आता न जाताच विचारता येत होतं. लोक चहा पिताना तीन रेघा बघायचे, बसमध्ये पाच.

एका बुधवारी आप्पांचा फोन आला. ते स्वतःहून कधी करत नाहीत.

"नंदा, ओट्यावर कुणी फिरकंना बघ."

"का हो?"

"समद्यांना ठावं हाय मी कसा हाय. काल मारोतराव जाता जाता म्हणला, आप्पा, दुपारी रेघ वर गेलती, कुठं चढायलाव? मी म्हणलं, ये, बस, सांगतो. तर म्हणला, कशाला, दिसलं की."

"बरंच आहे ना आप्पा, तुम्हाला त्रास नाही."



"तू बी रेघ बघतीस का?"

"बघते की. रोज."

"मग ठीक हाय," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतरच्या सोमवारी बसवंत गुरुजी झोपले.

बसवंत गुरुजी चौऱ्याऐंशी वर्षांचे. तालुक्यातल्या तीन पिढ्यांना त्यांनी चौथीत शिकवलेलं, म्हणजे निम्म्या लोकांना दोनदा. त्यांचा नंबर एकतीस. त्या सकाळी पूजा आटोपून गुरुजी अकरा वाजता खुर्चीत डुलकी काढायला टेकले आणि एकतीस नंबरची रेघ तळाला गेली. कुणीतरी तिचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'गुरुजींची रेघ आडवी.'

अकरा वाजून बारा मिनिटांनी चाहुलीची चारशे पानं उघडी होती. चौदा मिनिटांनी दोन हजार. सोळा मिनिटांनी नऊ हजारांच्या वर, आणि प्रत्येक पान दर सेकंदाला विचारत होतं, कसा आहेस? उत्तराला उशीर झाला की पुन्हा विचारत होतं. सर्व्हर उत्तरं देण्यात गुंतला. जोडहृदयांना पाळी मिळेना, म्हणून त्यांच्याही रेघा खाली यायला लागल्या. आपापल्या माणसांच्या रेघा खाली येताना बघून लोकांनी बाकीच्या नातेवाइकांना कळवलं. तेही बघायला आले.

बिडवे सर केबिनमधून धावत आले. "मॅडम, गुरुजी?"

"गुरुजी घोरतायत. सुनेला फोन लावला होता."

"मग लोकांना सांगा तसं."

"सर, पान बंद करते. त्यानंच गळा दाबलाय."

"आत्ता बंद केलंत तर लोक म्हणतील गुरुजी गेले आणि आपण लपवतोय. अख्खा तालुका फाटकावर येईल."

"येऊ दे. निरोप जात नाहीयेत सर. सगळे साठवर आलेत."

मी बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं. पडद्यावर एकशे चाळीस उघडी होती. ती वर चढत चढत, पुढचा आकडा न आल्यानं, मध्येच अडकली होती. आप्पा कुठेतरी चढावर होते. पान बंद केलं की मलाही काही दिसणार नव्हतं. ती पुढे सरकते का, एवढं बघून बंद करू, असं मला वाटलं.

ती सरकली नाही. मी बटण दाबलं. पुढच्या काही सेकंदांत सर्व्हर मोकळा झाला आणि निरोप पुन्हा जायला लागले. सर्व्हरच्या नोंदीत सगळ्या वेळा आहेत. बोट ठेवलं तेव्हापासून दाबलं तोपर्यंत चाळीस सेकंद गेले होते. सगळे मिळून निरोप बंद होते अकरा मिनिटं.

आप्पांनी फोन उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मी स्कूटर काढली. फाटकावर माणसं जमायला लागली होती. एकानं हॅन्डल धरून विचारलं, "ताई, गुरुजी कधी गेले?" मी म्हणाले, "झोपलेत." त्यानं पागोटं काढून हातात घेतलं.

बोरवंडीत घराचं दार सताड उघडं, आत कुणी नाही. मागच्या अंगाला गच्चीचा जिना आहे. त्याच्या पाचव्या पायरीवर आप्पा बसले होते. मांडीवर सोलरच्या काचा पुसायचं फडकं.

"आप्पा."

"ये. डोळ्यापुढं अंधारी आली, म्हणून बसलाव. चौतीस वर्सं खांबावर काढली, कुठं थांबायचं ते कळतंय मला."

मी खालच्या पायरीवर बसले. ते फडक्याची घडी घालत राहिले. मग मीच सगळं सांगितलं. पान, रेघा, गुरुजींची डुलकी, नऊ हजार माणसं. त्यांनी लाइन कुठे तुटली हे ऐकावं तसं ऐकलं.

"डीपीचं दुखणं हाय हे," म्हणाले. "लाइट गेली की लोक काय करतेत? आली का ते कळावं म्हणून समदी बटनं चालू ठेवतेत. बल्ब, पंखा, मोटार, समदं. मग लाइट आली रे आली की सगळ्या गावचा लोड एकदम डीपीवर. डीपी जळती. लाइट आली का बघायच्या नादात लाइट जाती."

"मग तुम्ही काय करायचात?"

"दारोदार फिरून बटनं बंद करायला लावायचो. एका घरी एकच बल्ब चालू. तेवढा लागला की त्या घरच्यानं हाळी द्यायची, लाइट आली. बाकीच्यांनी ऐकायचं. इचारणारा एक पाहिजे, ऐकणारे किती का असंनात."

एवढं मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. मी तसं म्हणणार होते, तेवढ्यात केंद्रातून फोन आला. सिस्टर बोलत होत्या.

दोनशे अठ्ठ्याऐंशी नंबर गेल्या. सुगंधाबाई वाघमोडे, एकोणसाठ वर्षं. टेकडीवरच्या पाड्यात राहायच्या. डोक्यावर घागर घेऊन चढत होत्या. घरापासून वीस पावलांवर सापडल्या.

मी फोनवरच सर्व्हरची नोंद उघडली. कुठली रेघ कितीदा बघितली गेली, तेही त्यात असतं. गुरुजींची लाखाच्या वर. आप्पांची सहा हजार, त्यातली अर्ध्याहून जास्त माझीच. दोनशे अठ्ठ्याऐंशी शून्य.

"कोण गेलं?" आप्पांनी विचारलं.

मी सांगितलं.

"तिला कोण हाय?"

"कुणी नाही. एकट्याच होत्या."

"तू तर बघत व्हतीस ना? समद्यांच्या रेघा?"

"नाही," मी म्हणाले. "तुमची बघत होते."

आप्पा उठले, भिंतीला धरून एकेक पायरी उतरले आणि आत जाऊन दोघांसाठी चहा ठेवला.

चौकशी समिती बसली. खमितकर तिचे सचिव. त्यांनी नियमाप्रमाणे मृत्यूची तीन संभाव्य कारणं मागितली, तुलनेसाठी. मी एकच लिहून दिलं. एका माणसानं बघून वजन नगण्य ठरवलेला प्रोग्राम तालुक्याला बघायला दिला, आणि बंद करायला चाळीस सेकंद उशीर केला. सही माझी. तो कागद अपूर्ण म्हणून परत आला. शेवटी अहवालात छापलं, 'देखरेखीच्या सुविधेस अपेक्षेपेक्षा अधिक प्रतिसाद.' मला लेखी समज मिळाली. बिडवे सरांनी फाटकावरचा फलक काढला. त्याच्या जागी काय लावावं यासाठी तीन नमुने मागवलेत.

सुगंधाबाईंच्या दहाव्याला मी पाड्यावर गेले. नऊ माणसं होती. एका बाईनं विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी घागर कुठे ठेवलीय ते विचारलं आणि खालच्या विहिरीवरून एक खेप आणून ठेवली. पंधरा मिनिटांचा चढ आहे. माझं हृदय धड आहे, तरी मी दोनदा थांबले.

चाहूल मी आप्पांच्या पद्धतीनं बांधून घेतली. आता एकच छोटा संगणक सेकंदाला एकदा सर्व्हरला विचारतो आणि बाकीच्यांना हाळी देतो. ऐकणारे कितीही असले तरी सर्व्हरला एकाचंच ओझं. रोग्यांच्या रेघा मी त्यातून काढून टाकल्या. त्या आता फक्त पाळीवरच्या डॉक्टरांना दिसतात, आणि डॉक्टरांनी रोज सहाशे अकराच्या सहाशे अकरा बघितल्या की नाही ते मी तपासते. एकशे चाळीस मी उघडत नाही. पहिले चार दिवस हात आपोआप जायचा.

पाचव्या दिवशी रविवार होता. मी ठरवलं, जाऊन विचारायचं. निघताना फोन केला नाही. करून विचारलं असतं तर जायची गरज उरली नसती.

बोरवंडीत पोहोचले तेव्हा साडेबारा झाले होते. रेघा बंद झाल्यापासून गावाला आप्पांचं काही कळत नव्हतं, त्यामुळे सुट्टीचा दिवस साधून सकाळी सहापासून माणसं येत होती. ओट्यावर संत्र्यांच्या पिशव्या ओळीनं ठेवलेल्या. मारोतरावांनी मला मोजून सांगितलं, सत्तेचाळीस जण येऊन गेले. आप्पांनी प्रत्येकाला जिन्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली होती, पाचव्या पायरीपर्यंत. सकाळपासून जेवले नव्हते. आवाज बसला होता, पण चेहरा मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता इतका खुलला होता.

"आप्पा, कसे आहात?" मी ओट्याखालूनच विचारलं.

सत्तेचाळीस जणांना त्यांनी बसून उत्तर दिलं होतं. मला बघून ते उठले, चक्कर येऊन ओट्यावरून पडले, आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं.